अक्कांचा पाय

डॉक्टर अक्कांचा राग आधी त्यांच्या उजव्या पायात उतरे. समोरचा माणूस उगाच फाटे फोडू लागला की टेबलाखाली त्यांची चप्पल जमिनीवर दाबली जाई, ब्रेक दाबावा तशी. एरंडोलच्या दवाखान्यात मी त्यांची नर्स होते. तो आवाज आला की समोरच्याची आता धडगत नाही, हे मी ओळखत असे.

त्यांची गाडी जुनी, विलायती, यजमानांच्या मागे राहिलेली. खेड्यात एखादी बाई अडली की तिला मागच्या सीटवर निजवायचं आणि धुळं गाठायचं, हे त्या गाडीचं काम. दिसायला देखणी, पण ब्रेक जुन्या ड्रमचे. पावसाळ्यात नाल्यावरची फरशी, म्हणजे तो बुटका पूल, ओलांडली की चाकातल्या ड्रममध्ये पाणी शिरे आणि ब्रेक धरतच नसत. शामराव मिस्त्री म्हणे, "अक्का, दोन-तीनदा दाबा, मंग लागस." अक्का फणकारत, "ब्रेक म्हणजे सरकारी अर्ज आहे का, पुन्हा पुन्हा करायला?"

पारोळ्याच्या अलीकडे एकदा फरशीवरून पाणी वाहत होतं. मागे एक पहिलटकरीण कळा देत होती. पाणी ओलांडून उतार लागला, समोर बैलगाडी. अक्कांनी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, गाडी आपली चालतच राहिली. शेवटी त्यांनी ती बाभळींत घातली. चाक वाकलं. बाळंतपण तिथेच करावं लागलं. आई वाचली, मूल हाती लागलं नाही.

आणि शामराव काय म्हणाला? ड्रम वाळल्यावर गाडी तपासून, हात पुसत, चार माणसांसमोर म्हणाला, "ब्रेक बठ्ठा बराबर शे. बाईमाणूसना पाय शे, जोर कमी पडस." ती चार माणसं हसली. आज इतकी वर्षं झाली, तरी ते हसणं आठवलं की माझं डोकं तापतं.  अक्कांची चप्पल जमिनीवर दाबली गेली.

त्या मुंबईला गेल्या आणि एका मोडीत निघालेल्या परदेशी गाडीचे डिस्क ब्रेक घेऊन आल्या. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी आणि तिला दोन्हीकडून पकडणारा चिमटा. पाणी लागलं तरी थाळी फिरता फिरता ते उडवून टाकते. "असं आपल्याकडे कोणी लावत नही," शामराव म्हणाला. "म्हणूनच तुझ्याकडून लावून घेते," म्हणत अक्का खुर्ची टाकून गॅरेजातच बसल्या. पुढच्या दोन्ही चाकांना ते चिमटे बसतील अशा पट्ट्या त्याला कापून-घासून पुन्हा पुन्हा कराव्या लागल्या.

पहिली चक्कर शामरावनेच मारली. या ब्रेकला पाय ड्रमपेक्षा कितीतरी जास्त जोराने दाबावा लागतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. सवयीने त्याने हलकेच दोन-तीनदा दाबला आणि गाडी थेट कडब्याच्या गंजीत शिरली. केसांतला कडबा झटकत तो उतरला. "भलताच जड शे, अक्का." मग अक्का बसल्या, भरधाव निघाल्या आणि त्याच्या पायांपाशी आणून एका दाबात गाडी उभी केली. काच खाली करून विचारलं, "आते सांग शामराव, कोना पाय कमी पडस?" या वेळी कोणी हसलं नाही.

पुढे किती बायका त्या गाडीतून धुळ्याला पोचल्या. कोणालाही रस्त्यात उतरवावं लागलं नाही.

अक्का गेल्या आणि गाडी जळगावच्या पुतण्याकडे गेली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती मांडायची म्हणून त्याने डिस्क काढून भंगारात टाकल्या आणि कुठून तरी शोधून पुन्हा ड्रम बसवले. का, तर गाडी मूळ रूपात हवी. गाडीला बक्षीस मिळालं. मला आग्रहाने बोलावून त्याने पुढच्या सीटवर बसवलं आणि कौतुकाने म्हणाला, "बघा सिस्टर, ब्रेकला आता किती हलका पाय लागतो."

मी दार उघडून खाली उतरले. म्हटलं, "तू हो पुढे. मी चालत येते."