पिसांची माशी
ओल्या शेवाळाचा वास आला की मुळशी धरणाचा तो काठ आठवतो. दहा हातांवरच्या खडकाआड मासा होता आणि काका मला पिसांची नकली माशी बांधलेला गळ टाकायला शिकवत होते. माशीच्या पोटात शिसं होतं. "जड हाय ती, डोक्यावरनं फिरवू नगं. खालनंच झोका दे," ते मागून म्हणाले. तरी मी हात उगारलाच आणि गळ त्यांच्या डोळ्यात रुतला. "वढू नगं," एवढंच ते बोलले. फोनला रेंज नव्हती. त्यांनीच चाचपडत दोरी तोडली. मी काठी धरून नुसता उभा होतो. दवाखान्यात गळ निघाला, डोळा मात्र गेला. आजही मागं कुणी उभं असलं की माझा हात वर जात नाही.