आत्याचा गुडघा आणि पकडची शाखा

पकड मला पहिल्यांदा भेटली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मी शेजारी नवा राहायला आलो होतो. ओळख करून घ्यायला त्यांच्याकडे गेलो, तर चहा येईपर्यंत तिने माझी छत्री, घड्याळ आणि चष्मा सुटा करून चटईवर ओळीने मांडला होता. तिची आत्या वेळीच ओरडली म्हणून बरं, नाहीतर माझेही सांधे खोलून पुसून ठेवले असते. पकड हे नाव मीच त्या दिवशी ठेवलं.

आत्या शिवणकाम करायची. तिचा एक पाय मांडीपासून कृत्रिम होता आणि त्याचा गुडघा जिना उतरताना कधीही दगा द्यायचा. दोनदा पडली होती. आत्याला न पाडणारा गुडघा बनवायचा, एवढं एकच पकडच्या डोक्यात. बारावी झाल्यावर त्यासाठी बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचं ठरलं. पण कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, "ते पदवीनंतर. आधी दुसऱ्या एखाद्या शाखेत नीट मुरून ये." शाखा चुकली तर चार वर्षं पाण्यात, आणि अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

तिचे बाबा वायरमन. त्यांनी निकाल लावून टाकला होता.

"इलेक्ट्रिकल! पुढचे गुडघे मोटरवर चालणार. मोटरला वीज लागते. विषय संपला."

"दादा, घरातली बेल तीन महिने दुरुस्त करतोयस," आत्या म्हणाली.

पकडने स्वतःच्या पद्धतीचा तोडगा काढला. दोष ज्या शाखेचा, ती शाखा घ्यायची! मला स्क्रू सांभाळायला बसवून तिने आत्याचा गुडघाच खोलायला घेतला. आत्या गिऱ्हाइकाचा कोट मांडीवर घेऊन दुपारभर खुर्चीत अडकली.

"कार्टे, एक जरी स्क्रू हरवलास ना, तर तुझ्या खांद्यावर बसून जिना उतरेन!"

चारच्या सुमाराला पकडने एक स्प्रिंग वर धरली. "ही बघ. एका बाजूने घासून गेलीय. म्हणून पाय निसटतो."

"म्हणजे वीज नको?" बाबांचा चेहरा फ्यूज उडाल्यासारखा झाला.

"बाबा, आधी धरून ठेवायचं कसं ते शिकू दे. ढकलायचं नंतर."

स्प्रिंग उलटी बसवून तिने पाय पुन्हा जोडला. एक वॉशर उरला, तो गुपचूप खिशात टाकला. आत्या कठडा धरून अकरा पायऱ्या उतरली. मागे आम्ही तिघं. पाय निसटला नाही. खाली पोचल्यावर आत्याने वळून पाहिलं आणि म्हणाली, "आता मेल्यांनो, वर चढवा मला."

पकडने अर्जात मेकॅनिकल लिहिलं. ते झालं, मग बायोमेडिकलही झालं, आणि आठ वर्षांनी ती मोटर-सेन्सरवाला गुडघा घेऊन घरी आली. आत्याने तो चार दिवस वापरला. रोज चार्ज करावा लागतो म्हणून सध्या तो कपाटावर असतो. जिना ती जुन्याच पायाने उतरते.