दफ तापवायला बाबांचे पेपर

बाबांचा मराठी पेपर टपालाने एक दिवस उशिरा यायचा. बरकतपुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घरात तो वाचून झाला की पलंगाखाली जायचा. रद्दीवाल्याला बाबा तो कधी देत नसत. तो मरफेवाल्यांसाठी राखलेला असे.

मरफा म्हणजे हैदराबादच्या लग्नांतला बाजा. लग्न हिंदूचं असो की मुसलमानाचं, वरातीपुढे मरफा हवाच. वाजवण्याआधी आणि मधेमधेही दफाचं, म्हणजे डफाचं, कातडं जाळावर धरून ताणून घ्यावं लागतं, आणि त्या जाळाला कागद लागतो. गल्लीत वरात आली की सरकारी कचेरीतले अबोल कारकून असलेले माझे बाबा गठ्ठा घेऊन खाली जात आणि जाळापाशी उभे राहत. बाजा सुरू झाला की त्यांचा उजवा पाय हलू लागे. बाकीचे बाबा जागच्या जागी.

त्या दिवसांत आबिड्सपासून विद्यानगरपर्यंत जिकडे बघावं तिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. माझ्या वर्गातल्या मुली एमए अर्धवट सोडून तिकडे गेल्या. मी मात्र युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत गुलामगिरीतून सुटलेल्या एका काळ्या अमेरिकन बाईची आत्मकथा वाचली आणि रस्त्याने चालताना लोकांना धडकू लागले. अमेरिकेत या विषयात, ज्याला तिकडे ब्लॅक स्टडीज म्हणतात, डॉक्टरेट करता येते असं कळलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. आबिड्सच्या पोस्टात अर्जाचं पाकीट खिडकीपलीकडे सरकवलं आणि बाहेर येऊन उगाच दोन पेरू विकत घेतले.

आमच्या खाली, पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंकडे फोन होता. मुलाखत त्या फोनवर होणार होती, म्हणून काकूंना सगळं सांगावं लागलं.

"अमेरिकेला जायचं तर लोक कॉम्प्युटर शिकून जातात," काकू म्हणाल्या. "तू काळ्या लोकांचा इतिहास शिकायला जाणार? आपला संपला का?"

"आपला तिला शाळेत शिकवलाय," आई म्हणाली. "एकदा शिकवलेलं पुन्हा कशाला?"

फोन संध्याकाळी आला. पलीकडे एक वयस्क प्राध्यापिका होत्या. पुस्तकांबद्दल विचारलं तोवर मी भराभर बोलत होते. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या शहरात हा इतिहास कुठे भेटतो?"

"नाही भेटत," मी म्हटलं. "म्हणून तर तिकडे यायचंय."

तेवढ्यात कोपऱ्यावरून वरात गल्लीत वळली आणि मरफा सुरू झाला. काकूंची खिडकी थरथरू लागली.

"हा कसला आवाज?"

"काही नाही, लग्नाचा बाजा आहे."

"कोण वाजवतंय?"

वाजवणारे सिद्दी होते. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, जुन्या रियासतीत पहाऱ्यावर असलेले. हे मला लहानपणापासून माहीत होतं, जसं गल्लीतला नळ किती वाजता येतो ते माहीत असतं. लायब्ररीत एवढं वाचलं, पण त्या पुस्तकांशेजारी मी हा बाजा कधी ठेवून पाहिला नव्हता. मी ते जसंच्या तसं सांगितलं.

पलीकडून हसू ऐकू आलं. "रिसीव्हर खिडकीबाहेर धरता येईल?"

वायर पुरेना. काकूंनी स्वतः टेबल ओढलं, वर म्हणाल्या, "फुलदाणी फुटली तर भरून दे." मी रिसीव्हर गजांतून बाहेर काढला. खाली जाळ पेटला होता, आणि बाबा एकेक पान मोडून त्यात टाकत होते. त्यांनी वर पाहिलं. पाय हलत होता.

मला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीही मिळाली. तिकडे मी हैदराबादच्या मरफ्यावर प्रबंध लिहायचं ठरवलं तेव्हा त्या प्राध्यापिका म्हणाल्या, हे त्या फोनवरच ठरलं होतं.

बाबा गेले तेव्हा मी तिकडे होते. पोचले तोवर दिवस होऊन गेले होते. पलंगाखालचे पेपर तसेच होते, आणि वर आईने बाबांचा चष्मा ठेवला होता. काकूंनी सुचवलं, आता शिक्षण सोडून आईपाशी राहावं. मलाही तसंच वाटत होतं. प्रबंधाचं निम्मं काम मरफेवाल्यांपाशी बसून करायचं होतं, आणि मला तो आवाज ऐकायची भीती वाटत होती.

तरी एका सकाळी सिद्द्यांच्या वस्तीत गेले. आमच्या गल्लीत येणाऱ्या ताफ्याचे म्हातारे उस्ताद दारातच बसले होते. मी घर कुठलं ते सांगितलं.

"अरे, पेपरवाले साब की बेटी," ते म्हणाले. "उनो कैसे हैं?"

बाबा गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी हातातला दफ उलटा करून बाजूला ठेवला. मी टेपरेकॉर्डर काढला तर त्यांनी मान हलवली.

"नक्को. मय्यत का घर है. तुमारे वास्ते साल भर नहीं बजाते. बातां पूछो, लिखो."

"आणि मग?"

"लिखना पूरा हुआ तो खुशी. खुशी में हम खुद आते."

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मग पूर्ण कर. मला त्यांना पेपर द्यायचेत."

मी प्रबंध पूर्ण केला. रोज त्या दारात बसले, लिहीत गेले. ते गाणी सांगत, चाली सांगत, एकमेकांना खोटं पाडत. माझ्यासमोर दफाला बोट लावायचं नाही हे पथ्य त्यांनी पाळलं आणि मीही. वही घेऊन पुन्हा अमेरिकेला गेले, लिहून काढलं, तोंडी परीक्षा दिली. प्राध्यापिकांनी हात हातात घेऊन "डॉक्टर" म्हटलं तेव्हा पहिल्यांदा आठवला तो बाबांचा पाय.

परत आले त्याच आठवड्यात मरफा दारात आला. उस्तादांनी निरोप कुणाकडून मिळवला कोण जाणे. आईने चष्मा उचलून पदराला पुसला, कपाटात ठेवला आणि सगळा गठ्ठा पोटाशी धरून जिना उतरली. पहिलं पान तिने उघडून थोडं वाचलं, मग जाळात टाकलं. बाकीचे पेपर भराभर टाकू लागली.

उस्तादांनी हात आडवा धरला. "अम्मा, इत्ते में तो चमडा जल जाता."

"मग उरलेले ठेवते," आई म्हणाली. "पुढच्या लग्नाला."

"किस की शादी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. काकू खिडकीतून म्हणाल्या, "आता तरी कॉम्प्युटरवाला बघा."

तेवढ्यात कातडं ताणलं, थाप पडली, आणि पुढचं कुणाचंच बोलणं ऐकू आलं नाही.