पेशीतल्या जीपा

माझी बायको जीवरसायनशास्त्राची प्राध्यापक होती. एका प्रथिनाशिवाय यीस्टची पेशी जगूच शकत नाही, असं ती अनेक वर्षं वर्गात सांगत आली होती. एकदा तिने प्रयोगात तेच प्रथिन काढून टाकलं, तरी पेशी जगल्या. त्या शनिवारी आम्ही कोळवणला मित्राच्या फार्महाऊसवर गेलो. "इतकी वर्षं चुकीचं शिकवलं," एवढंच ती म्हणाली.

रविवारी परतीची एसटी आलीच नाही. फाट्यावर जीप थांबली.

"बसा की बाई! एस्टी न्हाई आली म्हून पौडला जायचं न्हाई व्हय?" ड्रायव्हर म्हणाला.

अर्ध्या वाटेत तिने माझा दंड गच्च धरला. "अरे, मी नुसती एसटीच बघत होते! ते प्रथिन नसलं की त्याचं काम दुसरी प्रथिनं करत असणार. पेशीत जीपा आहेत!"

मग जीपमध्ये शेजारी बसलेल्या आजींना तिने पौड येईपर्यंत पेशी समजावली. उतरताना आजी मला म्हणाल्या, "मंडळी लई बोलत्यात तुमची."

पुढची सगळी वर्षं तिने त्या जीपा शोधल्या, आणि बऱ्याच सापडल्याही. आता मी कोळवणहून एकटाच परततो. एसटी वेळेवर आली, तरी कधीकधी ती सोडून देतो.