लाल झालेली हुमणी

‘‘मॅडम, ही पाकिटं उचला. आमच्या रानात सूत्रकृमी येणार न्हाई.’’

रशीदमामूंनी पाकीट वाचलं होतं, हीच अडचण झाली. औसा तालुक्यातल्या त्यांच्या उसाच्या बांधावर आम्ही उभे होतो. ऊस पिवळा पडत चालला होता. ठोंब धरून ओढला की गाजरासारखा हातात येत होता. खाली मुळंच नव्हती. हुमणीने खाल्ली होती. हुमणी म्हणजे एका भुंगेऱ्याची अळी. बोटाएवढी जाड, पांढरी, कानातल्या बाळीसारखी वळलेली. हा साधा ऊस नव्हता, लागवडीच्या कांड्यांसाठी राखलेला बेणेमळा होता. गावातले चौघं नवीन लागवडीसाठी याच बेण्याची वाट बघत होते. मळा गेला तर त्यांचीही लागवड चुकणार होती.

मी लातूरच्या एका छोट्या लॅबची फील्डची माणूस. आमच्या पाकिटात ओलसर भुकटी असते आणि तिच्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, दोऱ्यासारखे जिवंत कृमी. ते मातीत अळी शोधतात, तिच्या अंगात शिरतात, स्वतःच्या पोटातले जिवाणू तिथे सोडतात. अळी मरते. पिकाच्या मुळांशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. पाकिटावर छापलेलं नाव: कीटकभक्षी सूत्रकृमी.

मामूंनी त्यातला दुसरा शब्द धरला होता. पूर्वी त्यांची डाळिंबाची बाग होती. झाडं वाळायला लागली तेव्हा कुणीतरी मुळं उकरून गाठी दाखवल्या होत्या आणि सांगितलं होतं, हा सूत्रकृमीचा रोग. बाग मोडावी लागली होती.

‘‘मामू, ते सूत्रकृमी वेगळे, हे वेगळे.’’

‘‘असं कसं? साप तो साप.’’

‘‘धामण पण सापच की. ती उंदीर खाते.’’

‘‘बोलायला लई हुशार हाय तुम्ही,’’ मामू म्हणाले आणि पाकिटं माझ्या हातात दिली.

मी लॅबच्या सरांना फोन लावला.

‘‘मी कधीचा म्हणतोय, तो शब्द काढून टाकू,’’ सर म्हणाले. ‘‘नुसतं ‘हुमणीचं औषध’ छापू.’’

‘‘सर, दुकानातलं विषसुद्धा ‘औषध’ म्हणूनच विकतात. आपणही तेच करायचं? आत काय आहे ते न सांगता कुणाच्या जमिनीत काही सोडायचा हक्क आपल्याला कुणी दिला?’’

‘‘भाषण नको. माल उन्हात मरेल, तो आधी सावलीत ठेव.’’

तेवढं मात्र त्यांचं खरं होतं. ऊन लागलं की हे कृमी मरतात. मी पाकिटं घेऊन मामूंच्या ओसरीवर गेले. तिथे मामी होत्या. मामूंनी त्यांना सांगून टाकलं, ‘‘आता दाणेदार औषधच टाकतो.’’

मामी भडकल्या. ‘‘मागच्या साली टाकलं तर माझ्या कोंबड्या मेल्या. या साली काय मला मारता?’’

ती संधी मी सोडली नाही. मामींकडून एक फुटकं घमेलं मागितलं. त्यात ओली माती, रानातल्या जिवंत हुमण्या आणि टोमॅटोचं एक रोप घातलं; टोमॅटोला गाठींचा तो रोग चटकन लागतो. वरून पाकिटातली चिमूटभर भुकटी पाण्यात कालवून ओतली.

‘‘हुमणी मेली तर रानात टाका. टोमॅटोच्या मुळाला गाठी आल्या तर मला बोलवा, शिव्या द्या. पण गाठी दिसायला महिना लागतो, तेही सांगून ठेवते.’’

‘‘तवर ऊस ऱ्हायचा न्हाई.’’

‘‘मग निदान हुमणीचं बघा.’’

आठवडा होत आला तेव्हा मामूंचा फोन आला. आवाज चढलेला होता.

‘‘तुमचे किडे खाऊन हुमणी लालबुंद झाली न्हवं! रंग चढला तिला! तुम्ही तर तिला खुराक देताय की!’’

मला हसू आलं आणि लाजही वाटली. हे कृमी लागले की अळी विटकरी रंगाची होते. आमच्या ट्रेनिंगमधली ही पहिली खूण. ती मी मामूंना सांगितलीच नव्हती.

पुढच्या एसटीने गेले. लाल हुमणी तळहातावर घेतली. हलेना. ब्लेडने चिरून पाण्याच्या थेंबात ठेवली आणि भिंग मामूंच्या हातात दिलं. पांढरे दोरे वळवळत बाहेर येत होते.

मामू बराच वेळ बघत राहिले. मग भिंग मामींना दिलं.

‘‘या अल्ला,’’ मामी म्हणाल्या, ‘‘हिच्या पोटात तर शेवया!’’

‘‘पाकिटं कुठं हायत?’’ मामूंनी विचारलं.

लॅबमधून ताजी पाकिटं मागवली. फवारणीच्या पंपात आधी तणनाशक होतं, तो मामींनी राखेने घासून धुतला. नोझलची जाळी काढली, नाहीतर कृमी तिच्यातच अडकतात. ऊन कलल्यावर मामूंनी ओल्या रानात प्रत्येक ठोंबाच्या बुडाशी कृमी कालवलेलं पाणी सोडलं.

सगळा मळा वाचला नाही. रस्त्याकडच्या उंचवट्यावर ओल टिकली नाही. तिथला ऊस गेला, कारण कोरड्या मातीत कृमींना हलता येत नाही. बाकीच्या रानात मात्र ठोंबांना नवी मुळं फुटली, मग फुटवे आले. चौघांनाही बेणं मिळालं, थोडं कमी. टोमॅटोचं रोप मामूंनी स्वतः उपटून तपासलं. मुळं स्वच्छ होती. मामींनी ते परत दारात लावलं.

आता त्या गावातून लॅबला फोन येतात. ‘‘हुमणी लाल करायचं हाय का तुमच्याकडं?’’ असं विचारतात.

सर खूश आहेत. ‘‘बघ, नाव शेवटी बदललंच ना?’’

बदललं. पण ते आत काय आहे हे बघून गावाने बदललं. पाकिटावर अजून सूत्रकृमीच छापलेलं आहे. खाली एक ओळ मी भांडून वाढवून घेतली: हुमणी लाल झाली तर घाबरू नका, ती मेलेली आहे.