सही न केलेला करार

सोमवारी अकरा वाजता माझा नवरा ऑफिसात खुर्चीवरून पडला. गुरुवारी तो रुग्णालयात वारला. मुलगी तेव्हा बारावीत होती.

चार महिन्यांनी तिचा निकाल लागला, एक दशांश सात. इथे जर्मनीत एक म्हणजे सगळ्यांत वरचा आकडा, त्यामुळे येनातल्या आमच्या शेजारणीने केक करून आणला. पण मुलीला डॉक्टर व्हायचं होतं आणि मेडिसिनला तेवढे गुण पुरत नाहीत. ऑगस्टमध्ये नकाराचं पत्र आलं.

"मग आता ती बसून राहणार?" सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारलं. "पोरीचं वर्ष वाया घालवू नकोस गं. कुठल्यातरी डिग्रीला घाल."

आमच्याकडे नापास होण्यापेक्षा वर्ष वाया जाण्याची धास्ती मोठी. मेडिकल हुकलं की लोक निदान बी.एस्सी.ला नाव घालतात. मीही तसंच केलं. बर्लिनमधल्या एका खासगी संस्थेत आरोग्यशास्त्राची तीन वर्षांची पदवी होती. माहितीपत्रकावर पांढऱ्या कोटातली एक मुलगी हसत होती. आधी ही पदवी, मग मेडिसिन, असं मी मनाशी ठरवून टाकलं. करार आला. तो शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायचा होता.

नवऱ्याची एक सवय होती. काही मोठं घ्यायचं झालं की टपालाच्या रिकाम्या पाकिटामागे तो मधोमध रेघ मारायचा. डावीकडे 'जाणार', उजवीकडे 'येणार'. डिशवॉशर घेताना उजवीकडे त्याने एवढंच लिहिलं होतं: 'भांडणं कमी'.

मी एक पाकीट घेतलं, रेघ मारली. फी महिना साडेसातशे युरो, म्हणजे तीन वर्षांचे सत्तावीस हजार. बर्लिनमधली खोली, खाणं, प्रवास. डावा रकाना भरला तेव्हा त्याच्या विम्याचे जवळजवळ सगळे पैसे त्यात गेले होते. त्याचं मला वाईट वाटलं नाही. ते पैसे तिच्यासाठीच आहेत, असं मला वाटत होतं. उजवीकडे काय लिहायचं, ते मात्र कळेना.

मी वाचनालयात अर्धवेळ काम करते. तिथल्या सहकारिणीच्या मुलीने हीच पदवी घेतलेली, म्हणून तिला विचारलं.

"पगार बरा आहे," ती म्हणाली. "कचेरीत असते. पेशंट तिला भेटतात, पण फायलींमध्ये."

मी उजवीकडे 'पगार बरा' असं लिहिलं आणि खोडलं.

मुलगी या सगळ्यात गप्प होती. बुधवारी जेवताना ती जर्मनमध्ये म्हणाली, "उद्या दहा वाजता विद्यापीठात सल्ला घ्यायला जायचंय. मी वेळ घेतलीये. येशील?"

सल्ला देणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. त्यांनी करार शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि चष्मा काढला.

"हं, तर पदवी वाईट नाही. पण हिला डॉक्टर व्हायचंय ना? ही पदवी पूर्ण केली, तर मेडिसिनसाठी हिचा अर्ज दुसरी पदवी घ्यायला येणाऱ्यांमध्ये जाईल. त्यांच्यासाठी जागा अगदी थोड्या असतात."

म्हणजे एवढे पैसे भरून मी तिच्या वाटेत भिंत बांधायला निघाले होते.

"पण मग तोवर तिने काय करायचं?" मी विचारलं. "तिचं वर्ष वाया जाईल."

"वाया?" बाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "ती अठरा वर्षांची आहे!"

मग त्यांनी नर्सिंगच्या आउसबिल्डुंगबद्दल सांगितलं. रुग्णालयात काम करत शिकायचं, तीन वर्षं. फी नाही, उलट पहिल्या महिन्यापासून पगार. आणि ते पूर्ण केलं की मेडिसिनच्या निवडीत त्याचे गुण धरतात.

मुलगी माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "मला तेच करायचं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांचे पैसे तुला माझ्यावरच खर्च करायचे होते. नाही म्हटलं असतं तर तू रडली असतीस." जराशाने ती म्हणाली, "ती नर्स आठवते? बाबांची दाढी करायची ती? बाबा शुद्धीवर नव्हते, तरी ती सांगायची, आता डावा गाल करते हं."

मी बाहेर येऊन रडलेच, पण त्या गुरुवारनंतर पहिल्यांदाच रडून हलकं वाटलं.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं.

"नर्स? माझी नात लोकांची बेडपॅनं उचलणार?"

"आई, ते चार दिवस तुमच्या मुलाचं कुणीतरी उचललंच ना."

मग त्या म्हणाल्या, "पगार देतात म्हणतेस?"

"पहिल्या महिन्यापासून."

"मग कागद नीट वाचून घे. तुला पुस्तकं वाचता येतात, कागद वाचता येत नाहीत."

त्या बोलल्या ते खरंच होतं. रुग्णालयाचा करार आला तेव्हा मी तो तीनदा वाचला, मग मुलीने सही केली.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळची पाळी असली की पाचला सायकल काढते. पुढे मेडिसिन मिळेल की नाही, माहीत नाही. बर्लिनचा करार फायलीत आहे, सही न केलेला. विम्याचे पैसे खात्यात आहेत. घरात आम्ही दोघी आहोत.