चांगदेवची एट हंड्रेड

आमच्या थळच्या चांगदेवचा पोटापाण्याचा धंदा म्हणजे थळ-अलिबाग सहा आसनी रिक्षा. सहा आसनी हे फक्त कागदावर. मागं लोंबकळणारे देवाच्या भरवशावर. पण त्याला विचारा, काय करतोस? "रेसर हाय मी." घ्या! अंगणात ताडपत्रीखाली एक म्हातारी मारुती एट हंड्रेड. मागची सीट काढलेली आणि होडीचा उरलेला निळा रंग अंगभर फासलेला. तिच्यावर याचा जीव.

संध्याकाळी माझ्या पंक्चरच्या दुकानात आमची सभा भरायची. मी, चांगदेव आणि नबील. नबील आधी कतारला पाण्याचा टँकर चालवायचा, आता गावात हॉटेल चालवतो, पण बाता अशा की जणू शेखनं खास शर्यतीसाठीच बोलावून नेला होता.

"वळणावर ब्रेक मारतो तो ड्रायव्हरच न्हाय," चांगदेव म्हणायचा.

"तुझे ब्रेक लागतात कुठं मारायला?" मी म्हणायचो.

"तुम्ही दोघं गप बसा," नबील म्हणायचा, "ती गाडी मला दे. माझ्या हॉटेलच्या दारात शोभेला ठेवतो."

चांगदेवची बायको कमळ अलिबागच्या बाजारात पांढरा कांदा विकते. माळा खांद्यावर टाकून नाक्यावर उभी राहायची, सहा आसनी दिसली की हात वर करायची. आणि हा पठ्ठ्या काय करायचा? "फुल झाली! मागच्या गाडीनं ये!" असं ओरडून सुसाट निघून जायचा. सख्ख्या बायकोला! आयुष्यभर हेच.

यंदा तिचं डोकं फिरलं. आम्हा सगळ्यांसमोर तिनं सांगून टाकलं, "अंगणात मला कांदा वाळवायला मांडव घालायचाय. किहीमच्या शर्यतीत पयला नंबर आणा, न्हायतर हे धूड नबीलभाईंना द्या." चांगदेवनं तावातावात शब्द दिला. रात्री मात्र त्याला जेवण गेलं नाही म्हणे.

किहीमच्या मागं, भात कापून झालेल्या शेतात शर्यत. वळणांना माझ्याच दुकानातले जुने टायर. एकेकानं तीन फेऱ्या मारायच्या, वेळ मोबाइलवर. मुंबईची पोरं गाड्यांना चिकटपट्ट्या लावून आलेली. आवाज असा की कान फाटावेत, आणि पहिल्याच वळणाला दोघं बांधात.

चांगदेव शेवटी सुटला. खोटं नाही सांगत, बाबा, पोरगं जन्मल्यावर झाला नसेल तेवढा आनंद मला झाला! दोन फेऱ्यांत त्यानं वेळेत सगळ्यांना मागं टाकलं. नबील टायरवर उभा राहून नाचायला लागला, "जिंकतोय रे हा! अल्ला कसम, जिंकतोय!"

शेवटच्या वळणावर कमळ उभी होती. "मला काय त्याचं," म्हणत आलेली बाई पदर खोचून, हात उंच करून ओरडत होती, "पळवा! अवो, पळवा!"

तिचा हात वर आणि गाडीत शेजारची सीट रिकामी. चांगदेवचा पाय आपसूक ब्रेकवर. त्या गाडीचे ब्रेक नेमके त्या दिवशी लागले. त्यानं आतून दार उघडलं. "बस, बस! लवकर बस!"

"अवो, शर्यत हाय!"

"आता थांबलोय ना? बस!"

बसली बिचारी. पुढं जाईपर्यंत पहिला नंबर मुंबईच्या एका पोराकडं गेला.

आम्ही पोट धरून हसलो. मीही लोळलो. मग चांगदेवचं तोंड बघितलं आणि माझं हसू जागीच विरलं. तो खाली उतरला, खिडकीतून स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला, चावी काढली आणि गुपचूप नबीलपुढं धरली. शब्द तो शब्द. नबीलनंही खाली मान घालून हात पुढं केला.

कमळ अजून गाडीतच होती. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून चावी हिसकावली, काच निम्मी वर ओढली आणि म्हणाली, "नबीलभाई, फुल झाली. मागच्या गाडीनं या."